टीएलडीचे १४ महिने: झोप, वजन आणि क्रिएटिनिनचा तो आकडा

पहिल्या रात्री गोळी तळहातावर ठेवून मी तासभर नुसती बसून होते. एचआयव्हीची भीती होतीच, पण त्या घटकेला गोळीची जास्त वाटत होती. आयुष्यभर रोज घ्यायची म्हणजे शरीरात काय काय बिघडेल, याचंच चित्र डोळ्यांसमोर येत होतं. आज १४ महिने झाले. तेव्हा मला जे कुणीतरी सांगायला हवं होतं, ते लिहितेय.

माझी गोळी टीएलडी. तीन औषधं एकातच: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५०. दिवसाला एक, पोटात अन्न असो वा नसो.

पहिले दहा-बारा दिवस मळमळ आणि डोकं जड. ते आपोआप गेलं, त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. झोपेचं मात्र तसं नव्हतं. मी रात्री नऊला गोळी घ्यायचे आणि दोन-दोन वाजेपर्यंत टक्क जागी असायचे. डोळा लागलाच तर स्वप्नं इतकी ठसठशीत, की सकाळी उठल्यावर खरं काय नि स्वप्नातलं काय याचा क्षणभर उलगडा होत नसे. चिडचिड वाढली. महिनाभर मी हे कुणाला बोललेच नाही, कारण 'आजार कळल्यावर झोप उडणारच' असं स्वतःच ठरवून टाकलं होतं. शेवटी समुपदेशक ताईंनी सरळ विचारलं, झोप कशी आहे? डोल्युटेग्राविरने काहींची झोप उडते, हे तेव्हा समजलं. डॉक्टरांना विचारून गोळी सकाळवर आणली. आठवड्याभरात फरक पडला. पूर्वीसारखी गाढ झोप अजूनही लागत नाही, पण सहा तास मिळतात. ज्यांना आधीपासून नैराश्याचा त्रास आहे, त्यांनी हे पहिल्याच भेटीत सांगावं, कारण या औषधावर काहींचं मन जास्त खालावतं.

आता क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ; त्याच्या आकड्यावरून मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते बघतात. दुसऱ्या महिन्याच्या तपासणीत माझा आकडा ०.७२ वरून ०.८८ वर गेला. रिपोर्ट हातात देणारी व्यक्ती सहज म्हणाली, "किडनीवर परिणाम दिसतोय, औषध बदलून घ्या." त्या एका वाक्यावर मी रात्रभर वाचत बसले. टेनोफोविरमुळे मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, हे तर जागोजागी लिहिलेलं होतं. दोन दिवस गोळी घेतली नाही. या १४ महिन्यांत माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक हीच.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आधी गोळी सुरू करायला लावली, मग समजावलं. क्रिएटिनिन मूत्रपिंडातून दोन वाटांनी बाहेर पडतं. बरंचसं गाळलं जातं आणि थोडं नलिकांच्या पेशी रक्तातून उचलून लघवीत सोडतात. डोल्युटेग्राविर ही दुसरी वाट थोडी अडवतं. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला आकडा जरासा चढतो आणि तिथेच थांबतो. गाळण्याचं काम पहिल्यासारखंच चालू असतं. टेनोफोविरची इजा वेगळी: ती नलिकांना होते, लघवीतून प्रथिनं आणि फॉस्फेट जाऊ लागतात, आकडा चढतच राहतो. म्हणून त्यांनी लघवीची तपासणी केली आणि सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासलं. लघवी स्वच्छ, क्रिएटिनिन ०.८७. चढून थांबलेला आकडा आणि चढत जाणारा आकडा यांतला फरक मला आधी कुणी सांगितला असता, तर ते दोन दिवस वाया गेले नसते.

टेनोफोविरचा धोका खोटा आहे, असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा आधीचा मूत्रपिंडाचा आजार असेल तर तो वाढतो. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या वारंवार घेण्याची सवयही वाईट. हाडांची घनताही थोडी कमी होते. आणि ज्यांना हिपॅटायटिस बी आहे त्यांनी तर ही गोळी मनाने कधीच बंद करू नये. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात. अचानक थांबवलं तर यकृताचा आजार उसळतो.

चौथ्या महिन्यात आणखी एक गोंधळ. पित्ताचा त्रास होता म्हणून सकाळच्या गोळीसोबतच अँटासिड घेत होते, सलग दहा दिवस. ते 'औषध' आहे हेच डोक्यात नव्हतं, म्हणून सांगितलंही नव्हतं. त्यातलं मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम आतड्यातच डोल्युटेग्राविरला चिकटतं आणि औषध रक्तात नीट उतरत नाही. टीएलडी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हेच अंतर. जेवणासोबत घेतलं तर मात्र त्या एकत्र चालतात. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं. मधुमेहाचं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही डॉक्टरांच्या कानावर घालावं, कारण रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं.

वजन सहा किलो वाढलं. त्यातलं थोडं तब्येत सुधारल्याचं, हे मी मानते, पण सगळं नाही. डोल्युटेग्राविरवर वजन वाढतं आणि बायकांचं जास्त वाढतं, असं अभ्यासांतही दिसलंय. "बारीक होण्यापेक्षा बरंच की" असं म्हणून हा प्रश्न उडवून लावतात, ते मला पटत नाही. साखर आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी मी आता आठवणीने मागून घेते.

मूल हवंय, म्हणून आणखी एका भीतीतून गेले. २०१८ मध्ये बोट्स्वानातल्या अभ्यासात, गर्भ राहताना डोल्युटेग्राविर घेत असलेल्या ४२६ बायकांपैकी चौघींच्या बाळांच्या मज्जारज्जूत किंवा मेंदूत दोष आढळला होता. ती बातमी वाचून माझे हातपाय गार पडले. पण पुढे हजारो बाळंतपणांची माहिती जमत गेली तसा तो फरक विरत गेला, आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गर्भधारणेच्या वयातल्या बायकांनाही हे औषध सुचवलं. फॉलिक ॲसिड मी घेतेच आहे.

आमच्या आधारगटातल्या एक ताई स्टॅव्हुडिन या एचआयव्हीच्या जुन्या औषधाच्या काळापासून औषधं घेतायत. गाल आत गेले ते गेलेच. तळपायांची आग अजून होते. मग एफाविरेंझ हे दुसरं औषध, त्याची चक्कर आणि स्वप्नं. माझी तक्रार ऐकून त्या "तुमचं तर काहीच नाही" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. "लिहून ठेव आणि दाखव," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून वही ठेवलीय. अंगावर पुरळ आणि सोबत ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करायचा, हे तिच्या पहिल्या पानावर आहे.

औषध काम करतंय का? सुरुवातीला व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, ८४,००० होता. सहाव्या महिन्यात मोजण्याइतका उरला नाही, बाराव्यातही नाही. २०० च्या खाली टिकून असला की संभोगातून जोडीदाराला विषाणू जात नाही. हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, तेव्हा नवरा रडला.

पुढची क्रिएटिनिनची तपासणी दोन महिन्यांनी आहे. आधीचे चारही आकडे वहीत एकाखाली एक लिहिलेत, पाचवा त्यांच्याच खाली लिहीन.