नागावचा बंगला: जागा झकास, डिपॉझिटचा मात्र ताप

मागच्या शनिवारी आम्ही आठ जण नागावला एका बंगल्यावर गेलो होतो, नाव लिहीत नाही उगाच. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडीसकट मांडव्याला उतरलो, तिथून पुढे अलिबाग ओलांडलं की आलंच नागाव. बंगला खरंच मस्त, सुपारीची वाडी, बीच चालत पाच मिनिटं, आणि केअरटेकर काकूंनी केलेली सुरमई आणि तांदळाच्या भाकऱ्या, आहाहा, त्याला पैकीच्या पैकी मार्क.

पण रात्री लाईट गेली तेव्हा कळलं की इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि हॉलमधला एक बल्ब चालतो, एसी नाही. बुकिंग करताना "फुल बॅकअप आहे सर" असं फोनवर सांगितलं होतं, लेखी काहीच नाही. आणि निघताना कहर, ५००० डिपॉझिटमधले २२०० कापले, का तर चादरीवर हळदीचे डाग आणि सोफ्याचा पाय मोडला. अहो तो पाय आधीच विटेवर टेकवलेला होता! नशीब आमच्या वहिनीने आल्या आल्या मुलांचे फोटो काढले होते त्याच सोफ्यावर, मागे वीट स्पष्ट दिसतेय. फोटो पाठवल्यावर मालक एकदम "बघतो मॅडम" वर आले आणि दोन दिवसांनी १५०० परत टाकले. चादरीचे ७०० गेले ते गेले, डाग आमच्याच पोराचा होता.

व्हॉट्सॲपवर थेट बुकिंग केलं की स्वस्त पडतं खरं, पण भांडायला मध्ये कोणी नसतं. एअरबीएनबीवर निदान अडचण कळल्यापासून ७२ तासांत तक्रार टाकता येते.

जेवणासाठी परत जाईन, पण व्हिडिओ काढूनच आत शिरेन.