‘काम पूर्ण झाल्याची पावती’ म्हणून घेतलेली सही : बडोद्यातल्या नव्या घराचा अनुभव

आमच्या बिल्डरने दुरुस्तीला एकदाही नकार दिला नाही. प्रत्येक फोनला ‘थई जशे, बेन’ (होऊन जाईल, ताई), प्रत्येक तक्रारीला माणूस हजर. भिंत घासली, पुट्टी लावली, रंग मारला. आणि त्या रंगाच्या बदल्यात घरातल्या वयस्कर बाईकडून असा कागद सही करून नेला की आज तोच कागद तो आमच्याविरुद्ध पुढे करतो आहे. बडोद्यात भायली, सेवासी, गोत्री या बाजूला ड्युप्लेक्सच्या, म्हणजे दुमजली घरांच्या, स्कीम उभ्या राहताहेत. दांडिया बाजार, रावपुरा सोडून आपली कितीतरी मराठी कुटुंबं तिकडे घरं घेताहेत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

चावी मिळाली २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर. पहिल्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर ओल दिसली. आधी ताटाएवढा डाग, मग त्याच्या कडेने पांढरा क्षार फुटला, रंगाचे पोपडे सुटले. त्याच भिंतीला लावलेलं कपाट एके दिवशी रिकामं केलं तर मागचं प्लाय फुगून पापुद्रे सुटलेलं होतं आणि खालच्या कप्प्यातल्या पैठणीच्या घडीवर हिरवट बुरशी चढली होती. साडी सासूबाईंची, त्यांच्या लग्नातली. त्या काही बोलल्या नाहीत, नुसती घडी उलगडून बघत राहिल्या.

तेवढ्यात ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर आला. समा, अकोटा, मुजमहुडा भागात लोकांच्या घरात पाणी शिरलं. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही. तरी बिल्डरच्या साइट इंजिनिअरने सांगितलं, ‘हे पुराचं पाणी आहे, बेन, जमीन सुकली की भिंत सुकेल.’ डाग पहिल्या मजल्यावर, जमिनीपासून दहा-बारा फूट वर. जमिनीतली ओल खालून चढते आणि साधारण दोन-तीन फुटांपर्यंत दिसते. माणूस इतक्या सहजपणे खोटं बोलतो तेव्हा त्याने हे याआधी अनेकांना ऐकवलेलं असतं, असं माझं मत झालं आहे.

ओल कुठून येते हे घरच्या घरी बऱ्यापैकी कळतं, आणि बिल्डरचा माणूस येण्याआधी ते कळून घ्यावं. फक्त पावसात वाढत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. बारा महिने सारखी असेल तर पाइप किंवा बाथरूमची फरशी. रात्री घरातले सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या पातळीला खडूने खूण करावी. सकाळी पातळी उतरली असेल तर बहुधा भिंतीतला नळाचा पाइप झिरपतो आहे. पातळी तशीच असेल तर बाथरूमची नहाणी, म्हणजे फरशीवरचं पाणी वाहून जाण्याचं भोक, जाळीपाशी घट्ट बंद करून फरशीवर दोन बोटं पाणी चोवीस तास साठवून ठेवावं. आमच्याकडे टाकी उतरली नाही, पण बाथरूममध्ये पाणी साठवल्यावर दुसऱ्या दिवशी पलीकडचा डाग गडद झाला. म्हणजे दोष फरशीच्या खालच्या वॉटरप्रूफिंगचा. हे फोटोसकट बिल्डरला कळवलं.

मग शेठनी, म्हणजे बिल्डरने, स्वतः फोन केला. फार गोड बोलले. म्हणाले, वॉटरप्रूफिंगचं मटेरियल महाग झालंय, मजुरी माझी, मटेरियलचे ८५,००० तुम्ही द्या, घरचं माणूस म्हणून सांगतो. घरात लहान मूल, भिंतीला बुरशी, पुढे पावसाळा. ह्यांनी पैसे दिले. पावती मागितली तर ‘आपल्यात पावती कशाला’. हे पैसे मागण्याचा त्यांना मुळात अधिकारच नव्हता. स्थावर संपदा कायदा २०१६, म्हणजे आपण ज्याला रेरा म्हणतो, त्याचं कलम १४(३) स्पष्ट आहे : ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीतला किंवा मालाच्या दर्जातला दोष नजरेस आणून दिला, तर बिल्डरने तो कोणताही जादा पैसा न घेता ३० दिवसांत दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई मागता येते. पाच वर्षं फक्त कॉलम-बीमच्या दोषाला असतात, गळतीला नाही, असं आम्हाला ठासून सांगितलं गेलं. ते खरं नाही.

काम करायला जो कारागीर आला तो दाहोदकडचा, वयाने मोठा, हाताला सफाई असलेला. बाथरूमची एकही टाइल त्याने उचलली नाही. बेडरूमकडच्या भिंतीचा सैल प्लास्टर खरवडला, टेबलफॅन लावून भिंत वरवर सुकवली, त्यावर कसलं तरी केमिकल ब्रशने मारलं आणि पुट्टी ओढली. मी विचारलं, ‘भाई, टाइल नाही काढायच्या?’ खाली सुपरवायझर उभा होता म्हणून तो हळूच म्हणाला, ‘बेन, बहारथी गमे एटलुं लगाडो, पाणी तो अंदर छे.’ बाहेरून कितीही लावा, पाणी आत आहे. त्याला जेवढं सांगितलं होतं तेवढंच तो करत होता. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

खरी फसवणूक त्यानंतरची. आम्ही दोघं कामावर गेलो असताना सुपरवायझर आला. घरी ह्यांच्या आत्या होत्या. ‘बा, आ तो खाली काम पत्यानी पावती छे,’ म्हणजे ही तर नुसती काम संपल्याची पावती आहे, असं म्हणून त्याने इंग्रजीत टाइप केलेला कागद पुढे केला. वर ठळक अक्षरात काम पूर्ण झाल्याची नोंद, तारीख, घर नंबर. त्याखाली बारीक अक्षरात तीन ओळी : घरातल्या सर्व तक्रारींचं पूर्ण समाधान झालं आहे, यापुढे कोणतीही तक्रार राहिली नाही, यापुढची अंतर्गत दुरुस्ती घरमालक स्वखर्चाने करतील. आत्यांना गुजराती उत्तम वाचता येतं, इंग्रजी येत नाही. हे त्या सुपरवायझरला माहीत होतं, कारण महिनाभर तो आमच्याकडे चहा पीत होता. कागदाची प्रतही दिली नाही. पुढच्या पावसात डाग पुन्हा वर आला आणि आम्ही फोन केला, तेव्हा तो कागद आम्हाला पहिल्यांदा व्हॉट्सॲपवर दिसला.

आत्या अजून स्वतःला दोष देतात. ज्याच्यावर विश्वास ठेवून त्यांनी चहा पाजला त्याने त्यांना फसवलं, यात त्यांचा काडीचाही दोष नाही.

कागदानंतर दुसरा डाव. आपल्याकडे ड्युप्लेक्सच्या व्यवहारात पुष्कळदा दोन कागद करतात : प्लॉटचा दस्तावेज एका नावाने आणि बांधकामाचा करार दुसऱ्या फर्मच्या नावाने. आमचंही तसंच. शेठ म्हणाले, मी जमीन विकली, बांधकाम त्या फर्मचं, त्यांना विचारा. ती फर्म त्यांच्याच भावाची, ऑफिस तेच, टेबलही तेच. कायद्याने विकणारा वेगळा आणि बांधणारा वेगळा असला तरी दोघंही प्रमोटर, म्हणजे कायद्याच्या भाषेतले बिल्डर, धरले जातात आणि जबाबदारी दोघांची मिळून असते. म्हणून नोटीस दोघांच्या नावाने पाठवायची. आम्ही तशीच पाठवली, स्पीड पोस्टने, कलमाचा उल्लेख करून, ३० दिवसांची मुदत देऊन, फोटो जोडून.

त्याआधी एका खाजगी सिव्हिल इंजिनिअरकडून लेखी पाहणी करून घेतली. त्यांनी बाथरूमच्या कोपऱ्यातली एक टाइल आमच्या देखत उचलली. खाली वॉटरप्रूफिंगचा थर सापडला नाही, नुसता विटांचा रोडा आणि ओली रेती. नहाणीच्या पाइपाभोवतीची फट सिमेंटने वरवर बुजवलेली. त्याचे फोटो, व्हिडिओ आणि सही-शिक्क्याचा अहवाल हीच आता आमची बाजू आहे. जिथे पुट्टी चढते तिथला पुरावा झाकला जातो, म्हणून बिल्डरच्या माणसाने भिंतीला हात लावण्याआधी फोटो काढून ठेवा, आणि काम चालू असताना रोजचे काढा.

नोटिशीला उत्तर म्हणून आत्यांच्या सहीचा तोच कागद आला. आमच्या वकिलांचं म्हणणं आहे की कायद्याने दिलेलं पाच वर्षांचं संरक्षण अशा एका ओळीने संपत नाही, त्यातून सही करणाऱ्या घराच्या मालकही नाहीत. गुजरात रेराकडे, म्हणजे याच कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, गांधीनगरला, तक्रार दाखल केली आहे. ती ऑनलाइन करता येते. सुनावणी अजून पूर्ण झालेली नाही. ग्राहक आयोगाचाही रस्ता असतो : मोबदला, म्हणजे घरासाठी आपण दिलेली रक्कम, ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात, पण तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. ‘पावसाळा संपू द्या’, ‘दिवाळी होऊ द्या’ ऐकत बसलं तर ती सहज निघून जाते. फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवा, म्हणजे तक्रार कधी केली यावर वाद राहत नाही.

आमच्याच गल्लीत आणखी दोन घरांत आता तसलाच कागद फिरतो आहे. सुपरवायझर दुपारी येतो, घरात म्हातारं माणूस असतं तेव्हा. त्या घरांना मी एवढंच सांगितलं आहे की सही द्यायचीच झाली तर मालकानेच द्यावी, बारीक अक्षरातल्या ओळींवर काट मारून तिथे सही करावी, खाली स्वतःच्या हाताने, मराठीत किंवा गुजरातीत, ‘फक्त माणूस येऊन गेला, दोष दूर झाला की नाही याची पाहणी पुढच्या पावसाळ्यानंतर’ असं लिहावं, तारीख घालावी, आणि कागद त्याच्या हातात देण्याआधी मोबाइलवर फोटो काढून घ्यावा.