१२,००० एमएएचचा पॅक आणि किराणा दुकानातला काटा

वागळे इस्टेट, किसननगर भागात मी सोसायट्यांच्या पाण्याच्या लाइनची कामं करतो. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि व्हॉल्व्हचं बिडाचं झाकण खाली गाडलं जातं. लाइन बंद करायची वेळ आली की ते कुठे होतं, कुणालाच आठवत नाही. म्हणून मी मेटल डिटेक्टर घेतला. त्यात आठ पेन्सिल सेल लागतात, दीड व्होल्टचे, म्हणजे एकूण १२ व्होल्ट.

सेलचा खर्च वाढायला लागला, तेव्हा ठाणे स्टेशनजवळच्या एका गल्लीतल्या दुकानात गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, सेलवर पैसे कशाला घालवता? हा लिथियमचा पॅक घ्या, १२,००० एमएएच. आठवडाभर चार्जिंगला लावायला नको." (एमएएच म्हणजे पॅकमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप.) पिवळ्या वेष्टनात तीन सेल, सोबत चार्जर, १४०० रुपये. सहा महिन्यांची गॅरंटी फक्त तोंडी. पक्कं बिल मागितलं तर जीएसटी वेगळा लागेल म्हणाला, मी कच्च्या चिठ्ठीवर घेतला. चूक तिथेच झाली.

पहिल्याच दिवशी दीड तासात डिटेक्टर जिथे न्यावा तिथे वाजायला लागला. त्या आवाजावर विसंबून एका सोसायटीसमोर आम्ही भलतीकडे दोन फूट खणलं, हाती मुरूम लागला. सेक्रेटरींना काय सांगायचं? साधे नवे सेल घातले आणि मशीन शांत झालं. झाकण चार पावलांवर सापडलं.

त्या रात्री पॅक चार्जिंगला लावून झोपलो. अडीचच्या सुमारास बायकोने उठवलं, "अहो, काहीतरी जळतंय." वेष्टन मऊ पडून आक्रसलं होतं, हात लावता येत नव्हता. मेन स्विच बंद केला, चिमट्याने उचलून गॅलरीत फरशीवर ठेवला, भोवतीचे कपडे काढले. पॅक पलंगाजवळ होता आणि नातू त्याच खोलीत झोपला होता. तो विचार अजून मनातून जात नाही.

भाचा इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करतो. त्याने पॅक हातात घेतला आणि आधी आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवला. ८० ग्रॅम. त्याने मला समजावलं ते असं. हे सेल १८६५० मापाचे, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. एक चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, तिघांचे १३५ व्हायला हवेत. आणि या मापाचा उत्तम सेलसुद्धा साधारण ३५०० एमएएचचा असतो. तीन सेल एकापुढे एक जोडले की व्होल्ट वाढतात, एमएएच तेवढेच राहतात. म्हणजे '१२,०००' हा आकडाच खोटा होता आणि मला तो दुकानातच ओळखता आला असता.

चार्जरचं त्याने मल्टीमीटरवर दाखवलं. लिथियमचा एक सेल ४.२ व्होल्टला भरतो, तिघांचे १२.६. आमचा चार्जर १४ च्या वर देत होता. आत संरक्षणाचा सर्किट बोर्ड असता तर त्याने चार्जिंग तोडलं असतं, पण भाच्याच्या वर्कशॉपमध्ये वेष्टन कापलं तेव्हा आत बोर्ड नव्हताच. (घरी असं कापू नका, पाती दोन टोकांना लागली तर सेल पेटतो.) स्टिकरवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीचा, आर-क्रमांक होता, तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकला तर भलत्याच वस्तूचा, मोबाइलच्या अडॅप्टरचा निघाला.

दुकानात परत गेलो. "तुमच्या मशीनमध्येच फॉल्ट असेल, काका." चिठ्ठीवर दुकानाचं नावसुद्धा नव्हतं. पक्कं बिल असतं तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करताना पुरावा तरी हातात असता.

आता निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल पेन्सिल सेल वापरतो, आठ-आठचे दोन संच. ते १.२ व्होल्टचे, त्यामुळे आठांचे ९.६ होतात. आमच्या डिटेक्टरच्या पुस्तिकेत ते चालतात असं लिहिलंय, तुम्ही तुमची पुस्तिका बघून घ्या. सेल प्लॅस्टिकच्या डबीत ठेवतो, खिळे-पान्यांच्या पिशवीत सुटे नाही. जळका पॅक भाचा ई-कचऱ्यात देऊन आला, ओल्या-सुक्याच्या डब्यात टाकू दिला नाही.

परवा स्टेशनला जाताना त्या गल्लीतून गेलो. पिवळ्या वेष्टनातले पॅक काउंटरवर तसेच रचलेले आहेत, '१२,०००' लिहिलेली बाजू गिऱ्हाइकाकडे करून.