ई-जर्नल्सचा वापर मोजायचा तर काउंटर रिपोर्ट घ्यावा की प्रॉक्सीचा लॉग?

रिन्यूअलची फाइल टेबलावर आली की लायब्ररी कमिटीचा पहिला प्रश्न ठरलेला, पोरं हे वाचतात का? नागपुरातल्या बऱ्याच कॉलेजांत, आमच्याकडे पण, लायब्रेरियन आणि एक अटेंडंट एवढाच स्टाफ, त्यामुळे प्रकाशकाकडून येणारा काउंटर रिपोर्ट की आपल्या प्रॉक्सीचा (घरून जर्नल उघडताना मधे लागणाऱ्या कॉलेजच्या सर्व्हरचा) लॉग म्हणजे नोंदवही, कोणतं मोजमाप आधी धरायचं हे ठरवावंच लागतं. मी दोन्ही वापरून राहिलीय म्हणून लिहितेय.

काउंटर म्हणजे ऑनलाइन वापर कसा मोजायचा याचे प्रकाशकांसाठी ठरलेले नियम. त्याचा पहिला कोड (नियमावली) २००३ चा, आणि जानेवारी २०२५ पासून ५.१ ही आवृत्ती लागू झाली. रिपोर्ट प्रकाशक बनवतो, आपण ॲडमिन लॉगिनमधून डाउनलोड करायचा नाहीतर सुशीने (रिपोर्ट एका सॉफ्टवेअरकडून दुसऱ्याकडे पाठवायची ठरलेली पद्धत) आपोआप मागवायचा. यातली खरी ताकद म्हणजे मोजायचे नियम सगळ्या प्रकाशकांना सारखे. समजा एम. फार्म.च्या मुलीने एक लेख आधी एचटीएमएलमध्ये उघडला आणि पाच मिनिटांनी त्याचीच पीडीएफ घेतली, तर टोटल आयटम रिक्वेस्ट (पूर्ण लेख किती वेळा उघडला) २ होतात पण युनिक (किती वेगळे लेख उघडले) १ च राहते. नेट स्लो आहे म्हणून तिने बटण ३० सेकंदांच्या आत दोनदा दाबलं तरी ते एकदाच धरतात, आणि नुसता सारांश वाचून ती परत फिरली तर ते फक्त इन्व्हेस्टिगेशन, रिक्वेस्ट नाही. पैशाचा हिशोब म्हणून युनिकवरच करा. पॅकेज ३ लाखांचं आणि वर्षभराच्या युनिक रिक्वेस्ट १,५०० असतील तर एक लेख २०० रुपयांना पडला, हे कमिटीतल्या कोणालाही लगेच समजतं.

काउंटरच्या टीआर-जे१ या जर्नल रिपोर्टमध्ये ओपन ॲक्सेस लेख येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, जे फुकट मिळतं ते आपल्या पैशात काहून मोजायचं? टीआर-जे२ पण नक्की बघा, त्यात परवाना नाही म्हणून किती वेळा दार बंद मिळालं ते कळतं, म्हणजे नवीन काय घ्यायचं त्याचा अंदाज येतो.

एका विक्रेत्याने आम्हाला काउंटरऐवजी नुसत्या 'हिट्स'ची एक्सेल पाठवली होती, आकडा पाच अंकी, आम्ही त्यावर विश्वास ठेवून रिन्यू केलं. पुढच्या वर्षी मी काउंटर रिपोर्टच पाहिजे म्हणून अडून बसले तर पूर्ण लेख उघडल्याचा आकडा काही शेच निघाला. ते पैसे पोरांच्या पुस्तकांचे होते, हे मला अजून लागून राहिलंय.

पण कोण वाचतं हे काउंटर सांगत नाही. त्याला कॉलेज दिसतं, माणूस दिसत नाही. ते प्रॉक्सीच्या लॉगमधून कळतं, ईझेडप्रॉक्सी हे प्रॉक्सीचं सॉफ्टवेअर असेल तर वेळ, उघडलेल्या पानाचा पत्ता आणि नीट सेट केलं असेल तर युजर आयडी पण एकेका ओळीत मिळतो, तो विभागाच्या यादीशी जोडला की कोणता विभाग फिरकतच नाही ते समोर येतं. (आयडी विभागात बदलून झाले की मूळ यादी ठेवू नका, कोण काय वाचतं ही ज्याची त्याची गोष्ट आहे.) फक्त ओळी मोजायच्या नाहीत, कारण एक लेख उघडला तरी चित्रं आणि स्क्रिप्ट धरून डझनावारी ओळी पडतात. शिवाय कॅम्पसच्या आयपीवरून, म्हणजे कॉलेजच्याच नेटवरून, थेट उघडलेलं बहुतेक ठिकाणी प्रॉक्सीतून जातच नाही, म्हणून मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, पोरं काटोल, उमरेडला घरी बसून वाचतात आणि लॉग फुगतो, तर जुलैत सगळे कॉलेजात आले की आटतो, आणि बघणाऱ्याला वाटतं वाचन कमी झालं.

त्यामुळे रिन्यूअल तोंडावर असेल तर काउंटर घ्या. कोणत्या विभागात जाऊन ट्रेनिंग द्यायचं हा प्रश्न असेल तर लॉग. दोन्हीची बेरीज मात्र करू नका, घरून उघडलेला तोच लेख दोन्हीकडे असतो. वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या योजनेतल्या सरकारी कॉलेजांना १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स मिळून राहिलीत आणि त्याचे पैसे कॉलेज देत नाही, तिथे दर लेखाच्या खर्चापेक्षा कोण वाचत नाही हेच बघायचं, म्हणून मी तिथे लॉगला वरचा नंबर देईन.

आणि नवीन जागी रुजू झाला असाल तर काउंटरचे चालू वर्षासोबत मागच्या दोन वर्षांचे आकडे प्रकाशकाला द्यावेच लागतात, महिनावार असतात म्हणून जून ते मे असं आपलं शैक्षणिक वर्ष पण लावता येतं. लॉगचं तसं नाही, आधीच्या माणसाने साठवला नसेल तर तो गेला, म्हणून रिपोर्ट नंतर काढा पण लॉग साठवणं आजच सुरू करा.