पानजिनचा लाल किनारा: फोटोसाठी नाही, चिखलासाठी जा

आधी रंगाचं सांगते, कारण परत आल्यापासून सगळे तेवढंच विचारतात. नाही, तो फोटोत दिसतो तसा लालभडक नाही. इंटरनेटवरच्या बऱ्याच फोटोंना वरून रंग चढवलेला असतो. प्रत्यक्षात तो गडद किरमिजी आहे. ढग आले की जांभळट दिसतो, दुपारच्या उन्हात थोडा विटल्यासारखा, आणि चारनंतर उन्हं उतरायला लागली की खरा. लाल माठाची भाजी वाढल्यावर ताटातल्या भाताला जो रंग लागतो ना, तोच. आणि ही नुसती उपमा नाही. माठ, बीट आणि हे किनाऱ्यावरचं झुडूप एकाच कुळातले, तिघांतही लाल रंग देणारी द्रव्यं एकाच जातीची.

जागा कुठे ते सांगते. चीनच्या ईशान्येला लिआओनिंग प्रांत, तिथे लिआओ नदी बोहाय समुद्राला मिळते. त्या मुखाशी पानजिन नावाचं शहर आहे आणि शहरापासून तीसेक किलोमीटरवर हा ‘होंगहायतान’, म्हणजे लाल किनारा. माझा भाचा शेनयांगला एमबीबीएस करतो. त्या भागात आपली मराठी मुलं बरीच आहेत, शेनयांग, दालियान, जिनझोऊ सगळीकडे. त्याला भेटायला गेलो होतो, तर तो म्हणाला, “आत्या, तुला खाजण बघायचं असेल तर इथलं बघ.” मी उरणची. मिठागराच्या बांधावर वाढलेली. खाजण बघायला चीनला कशाला जायचं, असं ह्यांनी लगेच विचारलंच.

किनारा म्हणून वाळू शोधाल तर निराश व्हाल. इथे वाळू नाही, लाटा नाहीत, पाण्यात उतरायची सोय नाही. आहे तो नदीने आणून टाकलेला मऊ काळपट गाळ, भरतीचं पाणी दिवसातून दोनदा त्याच्यावर चढतं आणि उतरतं. त्या गाळात उभं आहे ते गुडघ्याएवढं झुडूप. चिनी लोक त्याला जिएनफंग म्हणतात, शास्त्रीय नाव सुएडा साल्सा. मी कठड्यावरून वाकून पानं बघितली आणि ह्यांना म्हटलं, अहो, ही तर आपली मोरसची भाजी! बारीक, गोलसर, रसाने टम्म फुगलेली पानं, तशाच फांद्या. अगदी तीच जात नव्हे, पण सख्खं भावंड. आपल्याकडे मिठागरांच्या कडेने, खाडीकाठी उगवते ती सुएडाचीच दुसरी जात. आगरी-कोळ्यांच्या घरात वाढलेल्या कोणालाही ती ओळखायला पाटी लागणार नाही.

या झुडपाची गंमत म्हणजे हे खारट पाणी टाळत नाही, पिऊन पानांत साठवतं. मिठाचा आणि भरतीच्या बुडण्याचा ताण जिथे जास्त तिथे त्याच्यात लाल द्रव्य साठतं. तीच जात थोड्या उंचावर, कोरड्या जमिनीत हिरवी राहते. हे तिथे डोळ्यांनी दिसतं: बांधाच्या वरच्या अंगाला हिरवट झुडपं, खाली गाळात उतरावं तसा रंग गडद होत जातो. वसंतात कोंब फुटतात तेव्हाच तांबूस असतात, उन्हाळाभर रंग भरत जातो, आणि सप्टेंबरच्या शेवटी पूर्ण चढतो. मग थंडी पडली की सगळं मरतं. एका वर्षाचं रोप आहे, पुढच्या वर्षी पुन्हा बियांतून सुरुवात. त्यामुळे दरवर्षी सारखाच लाल गालिचा मिळेल याची हमी कोणी देऊ नये. पाऊस, नदीचं गोडं पाणी, गाळाची उंची, यातलं एक जरी बिघडलं तरी झाडोरा विरळ होतो. मधल्या काळात तो बराच आटलाही होता. किनाऱ्यालगत मत्स्यशेतीची तळी झाली होती आणि त्यांच्या बांधांनी भरतीची वाट अडवली होती. गेल्या दशकात त्यातली पुष्कळ तळी मोडून पाणी पुन्हा मोकळं केलं, काही ठिकाणी बी पेरलं. आज जे लाल दिसतं त्यातलं काही असं परत आणलेलं आहे. आमच्याकडे बरोबर उलटं चाललंय, खाजणात भराव पडतो आणि मग त्याला प्लॉट म्हणतात. असो, ते इथे नको.

आता तुम्ही काय बघणार ते. समुद्राच्या कडेने सुमारे अठरा किलोमीटरचा रस्ता आहे, त्यालाच पर्यटनपट्टा केलाय. गेटवर तिकीट काढायचं (हंगामात शंभर युआनच्या आसपास, म्हणजे आपले बाराशेच्या घरात, बसचे पैसे वेगळे), मग आतल्या बसने थांब्याथांब्यावर उतरायचं. प्रत्येक थांब्यावर लाकडी पुलवाटा गाळावर आत गेलेल्या आहेत. लग्नाचे फोटो काढणारी जोडपी, पांढरे झगे, पंख लावलेल्या खुर्च्या, हृदयाच्या चौकटी, हे सगळं पहिल्या थांब्यांवर आहे. तिथे वेळ घालवू नका. बसमधून पुढे जा. जितकं आत जाल तितकी गर्दी कमी आणि चिखल खरा.

आणि चिखलच बघण्यासारखा आहे. ओहोटी लागली की पाणी ज्या वाटांनी उतरतं त्या वाटा लाल झाडोऱ्यातून फांद्या फुटाव्यात तशा पसरलेल्या दिसतात. मोठी खाडी, तिला फुटलेली छोटी, तिला फुटलेली बोटभर रुंदीची. कडेच्या गाळात भोकंच भोकं. स्तब्ध उभं राहा, दोन मिनिटांत खेकडे वर येतात. पाय आपटला की सगळे एकदम आत. एक चिनी आजी नातवाला हेच दाखवत होती, मला बघून हसली आणि बोटांनी नांगी करून दाखवली. आमची तेवढीच भाषा जुळली, पण पुरली.

भरतीच्या वेळी गेलात तर निम्मी झुडपं पाण्यात बुडालेली, वर नुसते शेंडे. ते दृश्यही वाईट नाही, पण खेकडे नाहीत आणि खाड्यांची नक्षी नाही. म्हणून भरती-ओहोटीची वेळ बघूनच जा. भाच्याने मोबाइलवर तक्ता बघून दुपारची ओहोटी साधली होती, म्हणून संध्याकाळचं ऊन आणि उघडा गाळ दोन्ही मिळालं. नुसता पत्ता टाकून सकाळी पोचणाऱ्यांना यातलं एकच मिळतं, कधी तेही नाही.

रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला काय आहे हे कोणत्याच फोटोत नीट येत नाही. एका बाजूला लाल गाळ आणि दुसऱ्या बाजूला पिकलेली भातशेती, पिवळीधमक, मधे फक्त बांध आणि रस्ता. पानजिनचा तांदूळ चीनभर नावाजलेला आहे. भाताच्या खाचरातच ते खेकडे पाळतात. खेकडे तण आणि किडे खातात, त्यांच्या विष्ठेने शेताला खत मिळतं, आणि शेवटी भातही विकायचा, खेकडेही विकायचे. खाचराच्या कडेने प्लास्टिकची बुटकी कुंपणं असतात, खेकडे पळून जाऊ नयेत म्हणून. ह्यांनी शेतकऱ्याच्या नजरेने ती कुंपणं बराच वेळ न्याहाळली. पुढे बोरूचं, म्हणजे पाणथळीत वाढणाऱ्या उंच नळगवताचं रान लागतं, क्षितिजापर्यंत. जगातल्या सर्वांत मोठ्या बोरूरानांत त्याची गणना होते. आणि त्या रानात मधूनच लोखंडी तेलपंप वरखाली मान हलवत असतात, कारण याच भागात लिआओहे तेलक्षेत्र आहे. पक्ष्यांचं राखीव रान आणि तेलविहिरी शेजारीशेजारी! पाहून बरं वाटावं की वाईट, ते मला ठरवता आलं नाही.

पक्ष्यांचं म्हणाल तर सप्टेंबर हा त्यांचा वाटेवर असण्याचा काळ. लांब चोचीचे चिखलपक्षी भरपूर दिसले, पण दूर. दुर्बीण नेली असती तर मजा आली असती, तुम्ही न्या. इथला खरा मानकरी म्हणजे काळ्या चोचीचा सॉन्डर्स कुरव. हा दुर्मीळ पक्षी या भागात घरटी करतो, पण वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला. म्हणजे लाल रंग आणि कुरवांची घरटी दोन्ही एका फेरीत नाही जमत. लिआओ नदीच्या मुखाचा हा सगळा पाणथळ प्रदेश 1988 पासून राष्ट्रीय राखीव क्षेत्र आहे आणि 2004 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. आपली ठाणे खाडी त्याच यादीत 2022 ला आली. तिथे गुलाबी रोहित, इथे लाल झुडूप. मला ठाणे खाडीतून जाताना आता जास्त बारकाईने बघावंसं वाटतं, एवढा फायदा झाला.

खाण्याचं. शहरात परतल्यावर एका साध्या खानावळीत भाच्याने विचारून विचारून जिएनफंगचं सारण भरलेले वाफवलेले पाव मिळवले. कोवळी पानं वसंतातच खुडतात, ही साठवणीतली होती. आधी उकळत्या पाण्यातून काढून पिळतात, म्हणजे खारटपणा उतरतो. आमच्याकडे मोरसची भाजी अशीच करतात: उकळून पाणी टाकायचं आणि मीठ घालायचंच नाही. सारणात त्यांनी बारीक चिरलेली अंडी आणि सुकी कोळंबी घातली होती. आमची आई जवळा घालायची. चव पुष्कळ जवळची, फक्त फोडणीला लसूण कमी पडला. 1960 च्या आसपासच्या दुष्काळात या किनाऱ्यावरच्या लोकांनी याच झाडाचा पाला आणि बी पिठात मिसळून दिवस काढले, असं भाच्याच्या वर्गातली इथलीच एक मुलगी सांगत होती. तिच्या आजीला म्हणे आजही ही भाजी नको असते. नात मात्र ती पर्यटकांना मिटक्या मारत खाताना बघते.

खेकडे खाल्लेच. वाफवलेले, सोबत आल्याचा व्हिनेगर. आपल्या चिंबोरीपेक्षा लहान, नांगीवर केस, मांस कमी, पण गाबोळी अप्रतिम. मसाला नाही म्हणून नाक मुरडू नका, पहिला खेकडा तसाच खा. शाकाहाऱ्यांनी मात्र ठेपले-चिवडा सोबत न्यावा, आणि ‘मांस नको, मासे नको, कोळंबीही नको’ हे चिनीत लिहून घ्यावं. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं की भाजीत सुकी कोळंबी असणारच.

तुम्ही जाणार असाल तर काही गोष्टी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय सुट्टीत, चुकूनही जाऊ नका. अख्खा चीन तेव्हा हिंडायला निघालेला असतो. आम्ही त्याआधी गेलो, तेही आठवड्याच्या मधल्या वारी, तरी पहिल्या थांब्यावर रांग होती. शेनयांगहून वेगवान गाडीने तास-सव्वा तासात पानजिन येतं. पानजिन आणि पानजिन उत्तर अशी दोन स्टेशनं आहेत, तिकिटावर कोणतं आहे ते नीट वाचा. गाडीचं तिकीट पासपोर्टवर निघतं, तेव्हा पासपोर्ट जवळच ठेवा. रोख पैसे फारसे कोणी वापरत नाही, सगळे मोबाइलवरून अलीपे किंवा वीचॅटने पैसे देतात. ही दोन्ही अ‍ॅप भारतात 2020 पासून बंद आहेत, तेव्हा ती भारतातच सुरू करून नेता येतील असं धरून चालू नका. राहायचं असेल तर खोली घेण्याआधी विचारा की परदेशी पाहुणे चालतात का. आम्हाला एका छोट्या लॉजने पासपोर्ट बघून हात जोडले, मग रात्री मोठं हॉटेल शोधावं लागलं. पुलवाटांवर सावली अजिबात नाही आणि वारा सतत, टोपी दोरीची असू द्या. डास आहेत, खाजण म्हटल्यावर असणारच.

पाचपैकी चार तारे देते. एक कापला तो आधीच्या थांब्यांवरच्या हृदयाच्या चौकटींसाठी, दुसरं काही नाही. गुडघे दुखत असतील तरी चालेल, पायऱ्या फार नाहीत. लहान मुलं खेकड्यांवर खूश होतील. ज्यांना समुद्रात डुंबायचंय, ज्यांना ‘बघायला काय काय आहे’ याची यादी हवी, त्यांनी दालियानला जावं, तिथे किनारे आहेत.

आणि टॅक्सी जाताना सहज मिळते, येताना नाही. संध्याकाळी पाचनंतर गेटवर सगळेच एकदम बाहेर पडतात आणि दीदीवर, म्हणजे तिथल्या टॅक्सीच्या अ‍ॅपवर, गाडी लागत नाही. जाताना ज्या टॅक्सीने जाल, त्याच ड्रायव्हरशी थांबायचे पैसे ठरवून घ्या.