अमेरिकेतील ‘क्यूआर’ची अट: कोणता अभ्यासक्रम घ्यावा आणि कोणता सोडावा

अमेरिकेतील पुष्कळ महाविद्यालयांत मुख्य विषय कोणताही असला, तरी पदवी हातात पडण्यापूर्वी संख्यांशी संबंधित किमान एक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. या अटीचे नाव क्वांटिटेटिव्ह रीझनिंग, म्हणजे संख्यांच्या आधारे विचार करणे, आणि तिथे सगळेच तिला ‘क्यूआर’ म्हणतात. (माझे क्यूआर अजून राहिले आहे असे मी घरी फोनवर सांगितले, तेव्हा आईला फी भरण्याचा कोड चालत नसावा असे वाटले होते.) येल विद्यापीठात या गटातील दोन अभ्यासक्रम घ्यावे लागतात, हार्वर्डने २०१९ पासून लागू केलेल्या अटीच्या नावातच ‘डेटा’ हा शब्द घातला आहे. पुण्यातून कला शाखेत बारावी करून मी ईशान्य अमेरिकेतील एका लहान महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकायला आले, तेव्हा या अटीसाठी माझ्यासमोर तीसेक अभ्यासक्रमांची यादी होती. त्यातील एक मी अर्धवट सोडला, एक पूर्ण केला आणि एक माझ्या खोलीतील मैत्रिणीने माझ्या डोळ्यांसमोर पूर्ण केला. हे परीक्षण त्या तिन्हींचे आहे.

पहिल्या सत्रात मी कॅलक्युलस घेतले, कारण मार्गदर्शक प्राध्यापकांनी भारतातून आलेल्या मुलीला गणिताची काय अडचण, असे गृहीत धरले आणि दहावीनंतर मी गणित सोडले होते हे सांगायचा मला संकोच वाटला. हा अभ्यासक्रम वाईट शिकवला जातो असे मी म्हणणार नाही. मात्र तो पुढच्या अभ्यासक्रमांची पायरी म्हणून रचलेला आहे: सीमा, अवकलन आणि थोडे संकलन, म्हणजे आपल्याकडे अकरावी-बारावी विज्ञानाला जे असते तेच. ज्यांना अर्थशास्त्र किंवा भौतिकशास्त्र करायचे आहे, त्यांना ते घ्यावेच लागेल आणि त्यांनी हा प्रश्न इथेच मिटवावा. बारावी विज्ञान झालेल्यांना पहिले दीड-दोन महिने उजळणीचे जातील आणि श्रेणी चांगली मिळेल, पण नवे काही हाती लागणार नाही. माझ्यासारख्यांची मात्र गत वेगळी होते. गृहपाठ एका संकेतस्थळावर करावा लागे, त्याच्या अॅक्सेस कोडसाठी वेगळे पैसे मोजावे लागत, आणि उत्तर बरोबर असूनही कंस चुकीच्या जागी पडला तर लाल फुली येई. दुसऱ्या आठवड्यात, गुणपत्रिकेवर नोंद न होता विषय सोडता येतो त्या मुदतीत, मी तो सोडला. कोडचे पैसे परत मिळाले नाहीत.

मैत्रिणीने घेतलेला अभ्यासक्रम गणिताला घाबरणाऱ्यांसाठीच तयार केलेला आहे. टक्केवारी, चक्रवाढ व्याज, एककांचे रूपांतर, वर्तमानपत्रातील आलेख वाचणे, असा त्याचा पसारा. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या बीजगणितात जीएसटी आणि शेअर्सचा ‘अर्थनियोजन’ हा धडा ज्यांनी मन लावून केला आहे, त्यांना याचा पूर्वार्ध ओळखीचा वाटेल. उत्तरार्धातील कर्जाचे हप्ते हा भाग मात्र खरोखर उपयोगाचा आहे. १०,००० डॉलरचे शैक्षणिक कर्ज ६ टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे असेल तर महिन्याला सुमारे १११ डॉलर आणि एकूण १३,३२० डॉलरच्या आसपास भरावे लागतात, हे तिने स्वतः तक्ता मांडून काढले आणि त्या रात्री आपल्या कर्जाची कागदपत्रे पहिल्यांदा उघडून पाहिली. अट पूर्ण करायला हा अभ्यासक्रम पुरतो. तरी त्याच्या आधाराने दुसरे काही शिकता येत नाही, ही त्याची मर्यादा आहे.

मी पूर्ण केला तो प्रास्ताविक संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम. आठवड्याला तीन व्याख्याने आणि मंगळवारी सव्वा तासाची संगणकावरची प्रयोगशाळा. पाठ्यपुस्तक मोफत होते आणि आकडेवारीच्या विश्लेषणासाठीची ‘आर’ ही संगणकप्रणालीही मोफत. दहावीला आपण सरळ पद्धत, गृहीतमध्य पद्धत आणि मध्यप्रमाण विचलन पद्धत यांनी सरासरी काढायला शिकतो, आणि तिन्ही पद्धतींनी उत्तर एकच आले की समाधान मानतो. ती सरासरी कुणाची आणि कशासाठी, हे कुणी विचारत नाही. इथे सुरुवातच त्या प्रश्नापासून होते.

तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी आम्हाला बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या १९७३ मधील पदव्युत्तर प्रवेशांची आकडेवारी दिली गेली. ती ‘आर’मध्ये मुळातच समाविष्ट आहे आणि त्यात सहा मोठे विभाग येतात. साहाय्यक शिक्षिकेने आधी विभागाचा रकाना लपवून ठेवायला सांगितला. पुरुषांच्या २,६९१ अर्जांपैकी १,१९८ मंजूर, म्हणजे जवळपास ४५ टक्के. महिलांच्या १,८३५ पैकी ५५७, म्हणजे सुमारे ३० टक्के. महिलांशी भेदभाव झाला, असा एकच निष्कर्ष वर्गात सगळ्यांनी काढला आणि मी तो तावातावाने लिहूनही टाकला. मग तिने विभागाचा रकाना उघडायला लावला. सहापैकी चार विभागांत महिलांच्या मंजुरीचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त निघाले; पहिल्या विभागात तर पुरुष ६२ टक्के आणि महिला ८२ टक्के. ज्या दोन विभागांत प्रवेश सर्वांत सहज मिळत होता, तिथे निम्म्याहून अधिक पुरुषांनी अर्ज केले होते, तर महिलांपैकी केवळ १३३ जणींनी. बाकीच्या जणी जिथे बहुतेकांना नकार मिळत होता अशा विभागांकडे वळल्या होत्या. मग महिला त्या विभागांकडे का वळल्या, हा प्रश्न तक्ता सोडवत नाही, असे शिक्षिकेने शेवटी बजावले. राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनीला त्या सव्वा तासात जे मिळाले, ते कॅलक्युलसच्या दोन आठवड्यांत मिळाले नव्हते.

या अभ्यासक्रमाचे दोषही सांगायला हवेत. ‘आर’चे चूक दाखवणारे संदेश नवख्याला काहीच समजू देत नाहीत, आणि एक स्वल्पविराम राहिल्यामुळे मी एकदा पाऊण तास घालवला. गृहीतकांच्या परीक्षणाचा, म्हणजे आकड्यांत दिसणारा फरक खरा की योगायोगाचा हे तपासण्याचा भाग, जो खरे तर सर्वांत अवघड आहे, तो सत्राच्या शेवटच्या तीन आठवड्यांत घाईघाईने उरकला जातो. उदाहरणे अमेरिकी जीवनातली असतात: पहिल्याच आठवड्यात बेसबॉलच्या फलंदाजाची ०.३०० ही सरासरी उत्तम असल्याचे सांगितले गेले, तेव्हा पन्नासच्या सरासरीवर वाढलेल्या मला ती सरासरी नसून यशस्वी फटक्यांचे प्रमाण आहे हे समजायला शेजारच्या मुलाची मदत घ्यावी लागली.

काही महाविद्यालयांत संगणकशास्त्राचा प्रास्ताविक अभ्यासक्रम किंवा तत्त्वज्ञान विभागातील आकारिक तर्कशास्त्रही या अटीत चालते. तर्कशास्त्राच्या वर्गात मी दोनदा बसले आणि तो मला आवडलाही, पण त्यात आकड्यांशी गाठ पडत नाही, त्यामुळे ज्यांना पुढे सर्वेक्षणे किंवा सरकारी अहवाल वाचायचे आहेत त्यांना मी तो सुचवणार नाही.

सामाजिक शास्त्रे, पत्रकारिता किंवा सार्वजनिक आरोग्य यांकडे जाणाऱ्यांनी संख्याशास्त्रच घ्यावे, आणि ते पहिल्याच वर्षाच्या दुसऱ्या सत्रात घ्यावे. नाव नोंदवताना प्रयोगशाळा असलेली तुकडी पाहून निवडावी, कारण त्याच नावाची केवळ व्याख्यानांची एक तुकडीही यादीत असते. प्रयोगशाळेच्या तुकडीतील जागा नोंदणीच्या पहिल्या सकाळीच भरतात. मला ती दुसऱ्या वर्षी मिळाली, आणि तोपर्यंत राज्यशास्त्राच्या नेमलेल्या लेखांमधील तक्ते मी न वाचताच पान उलटत होते.