साक्ष द्यायला आलेल्या मुलाची खोली: जिल्हा न्यायालयातील साक्ष केंद्राचा अनुभव

असुरक्षित साक्षीदारांसाठी, म्हणजे लहान मुले आणि खुल्या न्यायदालनात साक्ष देणे ज्यांना जड जाते अशांसाठी, जिल्हा न्यायालयाच्या आवारात सुरू झालेल्या साक्ष केंद्रात मी एका मुलाची सोबती म्हणून तीन वेळा गेले. आईच्या खुनाचा खटला वडिलांवर होता आणि त्या रात्री घरात असलेली तिसरी व्यक्ती म्हणजे हा मुलगा, एवढेच सांगते. त्याचे वय, गाव आणि न्यायालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. पहिली भेट खोली दाखवण्यापुरती होती, दुसरी सरतपासणीची, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांची, आणि तिसरी उलटतपासणीची, म्हणजे बचावाच्या वकिलांच्या प्रश्नांची. अशी वेळ ज्यांच्या घरावर येईल, त्यांना केंद्रात काय मिळते आणि काय मिळत नाही हे आधी ठाऊक असावे, म्हणून हे लिहिते आहे.

ही केंद्रे कोणाच्या मर्जीने उभी राहिलेली नाहीत, हे प्रथम लक्षात घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात प्रत्येक उच्च न्यायालयाच्या हद्दीत अशी किमान दोन केंद्रे असावीत असे सांगितले आणि जानेवारी २०२२ मध्ये स्मृती तुकाराम बडदे प्रकरणात असुरक्षित साक्षीदाराची व्याख्या रुंदावून केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत नेण्याचा आदेश दिला. त्यामुळे केंद्र मागताना कोणी आपल्यावर उपकार करत आहे अशा सुरात बोलण्याची गरज नाही.

जागा चांगली आहे. प्रवेश मागच्या बाजूने आहे. बेड्या, पोलीस व्हॅन, पुकारा करणारा शिपाई यांपैकी काहीही मुलाच्या नजरेस पडत नाही. आरोपी न्यायदालनात असतो, मूल आतल्या खोलीत असते आणि दोन्हींना जोडणारा व्हिडिओचा पडदा मुलाला फक्त न्यायाधीशांचा चेहरा दाखवतो. खुर्ची मुलाच्या उंचीची आहे, स्वच्छतागृह लागूनच आहे, आणि मूल थकले असे मी सांगितल्यावर दोन्ही वेळा कोणतीही कुरकुर न होता दहा मिनिटांची सुट्टी मिळाली. भिंतीवरचे ससे आणि फुगे ज्याने रंगवले त्याने ते मनापासून रंगवले आहेत, हेही नमूद करायला हवे. सोयींपुरते गुण द्यायचे तर मी पाचपैकी साडेचार देईन.

परंतु लहान मुलाच्या साक्षीत सोय हा अर्धाच भाग असतो. मूल जे बोलते त्यापेक्षा अधिक ते वागून सांगते आणि ते वागणे जसे घडले तसे न्यायालयापर्यंत पोहोचले पाहिजे. त्यात कोणा मोठ्या माणसाने भर घालता कामा नये आणि त्यातले काही गळूनही जाता कामा नये. या कसोटीवर केंद्र दोन ठिकाणी उणे पडते.

पहिली उणीव प्रतीक्षा कक्षात आहे. तेथे खेळण्यांच्या कपाटात भातुकलीचा एक डबा आणि आई, बाबा, आजी, मूल अशा कापडी बाहुल्यांचा संच ठेवलेला आहे. साक्षीच्या दिवशी सकाळी मुलाने चूल मांडली, आईची बाहुली आडवी केली आणि तिच्यावर फडके टाकले. तोवर शांत बसलेल्या त्याच्या मावशी चटकन पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "बाबांची बाहुली कुठे आहे रे? त्यांनी काय केलं, दाखव बरं." मी त्यांना बाहेर नेले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, बहीण गेली होती, पण त्या एका वाक्याने सकाळचा तो खेळ पुराव्याच्या दृष्टीने संपला, आणि पुढे उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी "तुला मावशीने सांगितलं ना?" असे तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारले, तेव्हा मला त्यांचा रागही धरता आला नाही.

बाहुल्यांचा खेळ न्यायालयात किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण अमेरिकेतील आहे. उत्तर कॅरोलिनात नोव्हेंबर २००६ मध्ये जेसन यंग याच्या पत्नीचा राहत्या घरी खून झाला, तेव्हा त्यांची अडीच वर्षांची मुलगी घरातच होती. काही दिवसांनी पाळणाघरात तिने एका बाहुलीकडून दुसरीला, म्हणजे आईच्या बाहुलीला, मार दिला. खटला यंगवरच चालला. २०११ च्या पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. २०१२ च्या दुसऱ्या खटल्यात पाळणाघरातील कर्मचाऱ्यांनी तो खेळ शपथेवर सांगितला आणि यंग दोषी ठरला. मुलीने काहीतरी पाहिले होते, एवढे त्या खेळावरून मानता येते. मारणारा कोण होता हे खेळाने सिद्ध होते असे मला वाटत नाही. आणि तेवढेही मानता येते ते पाळणाघरात "बाबांची बाहुली कुठे आहे?" असे कोणी विचारले नव्हते या गृहीतावर.

आपल्याकडचा कायदाही याच जागी सावध आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२४ प्रमाणे वयाची किमान अट नाही, प्रश्न समजून सुसंगत उत्तर देता आले की मूल साक्षीदार होऊ शकते. बारा वर्षांखालील मुलाला शपथेचा अर्थ कळत नसला, तरी खरे बोलण्याचे कर्तव्य कळत असेल तर शपथेविना साक्ष घेता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेश राज्य विरुद्ध बलवीर सिंह या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, आईचा खून वडिलांनी केल्याचे सांगणाऱ्या सात वर्षांच्या मुलीची साक्ष ग्राह्य धरून २००३ च्या घटनेतील शिक्षा पुन्हा कायम केली. पोलिसांनी जबाब अठरा दिवस उशिरा घेतला आणि मुलगी आजोळी राहत होती, म्हणून ती पढवलेली असावी, ही शंका न्यायालयाने तेवढ्यावरून मान्य केली नाही. त्याच निकालात, साक्षीआधी मूल साक्ष देऊ शकते का हे पाहणाऱ्या प्राथमिक तपासणीत मुलाला विचारलेले प्रश्न, त्याचे हावभाव आणि न्यायाधीशांचे मत नोंदवले गेले पाहिजे, असेही स्पष्ट केले आहे. आजोळी राहणे म्हणजे पढवणे नव्हे, हे वाचून मावशींना थोडा धीर आला. खेळण्यांच्या कपाटाजवळ नातेवाइकांना बसू का देतात, याचे उत्तर मात्र केंद्रात कोणाकडेच नव्हते.

दुसरी उणीव कॅमेऱ्याची आहे. तो टेबलावर इतका जवळ लावलेला होता की पडद्यावर मुलाचा फक्त चेहरा दिसत असे. सरतपासणीत सरकारी वकिलांनी "मग आईला काय झालं?" असे विचारले. मूल बोलले नाही. त्याने उजवा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला, पण मान इतकी खाली घातलेली होती की हात चौकटीबाहेर राहिला. न्यायदालनात लघुलेखकाने "उत्तर नाही" असे टंकले. मला बोलण्याची मुभा नव्हती आणि हातवाऱ्याचा अर्थ सांगणे हे माझे कामही नव्हते, म्हणून मी फक्त हात वर करून थांबण्याची खूण केली. न्यायाधीश बाईंनी मुलाला पुन्हा तोच प्रश्न, एकही शब्द न बदलता विचारला, कॅमेरा मागे घ्यायला लावला आणि नोंद सांगितली: साक्षीदाराने उत्तरादाखल स्वतःचा उजवा हात गळ्यावर ठेवला. "गळा दाबल्याचे दाखवले" असे त्यांनी लिहू दिले नाही. फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३१५ साक्षीदाराच्या वर्तनाबद्दल महत्त्वाचा वाटेल तो शेरा नोंदवण्यास सांगते. तो शेरा कसा असावा हे मी त्या दिवशी पाहिले. दुसऱ्या एखाद्या न्यायाधीशांसमोर, त्याच खोलीत, त्या कॅमेऱ्यामुळे कागदावर "उत्तर नाही" एवढेच राहिले असते.

गप्प राहण्यालाही मोल असते. मार्च २०२५ मध्ये राजस्थानातील अत्याचाराच्या एका जुन्या खटल्यात, साक्षीच्या वेळी नुसती रडत राहिलेल्या मुलीच्या मौनाचा फायदा आरोपीला देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. तो गुन्हा वेगळा होता, शिवाय तेथे इतर पुरावाही होता, त्यामुळे प्रत्येक गप्प मुलाला तो निकाल लागू पडेल असे नाही. पण मूल रडले हे न्यायालयाला दिसायला तर हवे.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. साक्षीच्या तारखेआधी खोली दाखवण्यासाठी सरकारी वकिलांमार्फत अर्ज द्यावा. आम्हाला तो सहज मंजूर झाला आणि साक्षीच्या दिवशी मूल दारातून स्वतः आत गेले. तसेच नातेवाइकांनी, कितीही जीव तुटला तरी, त्या दिवशी घटनेबद्दल अवाक्षर काढू नये. सकाळी काय खाल्ले, बूट घट्ट होतात का, एवढेच बोलावे.

तिसऱ्या भेटीत कॅमेरा भिंतीवरच्या ब्रॅकेटवर गेलेला होता आणि पडद्यावर मुलाचे टेबल, दोन्ही हात, हातातला रुमालसुद्धा दिसत होता. हा बदल केल्याबद्दल केंद्राच्या समन्वयकांचे आभार. भातुकलीचा डबा मात्र अजून प्रतीक्षा कक्षातच आहे आणि त्याच्यासमोरच नातेवाइकांचे बाक.